स्वयंगुणांकित प्रश्नमंजूषा आणि उत्तरतालिकेचा प्रश्न

गेल्या काही वर्षांत आमच्या विभागात, व बहुधा इतरत्रही, अंतर्गत मूल्यमापनाचा बराचसा भाग संगणकाच्या साह्याने होऊ लागला आहे. अध्यापकाने प्रश्न व त्यांची उत्तरे एकदा प्रणालीत भरून ठेवावयाची, विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर अथवा मोबाइलवर ती चाचणी सोडवावयाची, आणि शेवटचे बटण दाबताच गुण त्याच्यासमोर उमटावयाचे, असा हा प्रकार आहे. सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गाला दर पंधरवड्यास एक चाचणी द्यावी असे ज्यास मनापासून वाटते, आणि सव्वाशे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ज्याने रात्री जागून उपसला आहे, त्यास ह्या सोयीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. तथापि अशा चाचण्या तयार करताना काही अडचणी उभ्या राहतात, आणि उत्तरे मराठीतून मागावयाची असली म्हणजे त्या अधिकच वाढतात. त्यांचा विचार ह्या पत्रिकेच्या वाचकांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘संगणक उत्तरपत्रिका तपासतो’ असे आपण बोलतो खरे, परंतु तपासणे ह्या क्रियेत जो निर्णय अभिप्रेत असतो तो संगणक करीत नाही. विद्यार्थ्याने दिलेली चिन्हांची माळ आणि अध्यापकाने उत्तरतालिकेत भरलेली चिन्हांची माळ ह्या दोहोंची तो तुलना करतो आणि जुळले की नाही एवढेच सांगतो. कोणते उत्तर बरोबर मानावयाचे, कोणते अंशतः बरोबर, कोणते लेखनातील किरकोळ स्खलन म्हणून सोडून द्यावयाचे, हे सारे निर्णय अध्यापक हाताने तपासताना एकेका उत्तरपत्रिकेपाशी थांबून करीत असतो. स्वयंगुणांकित चाचणीत तेच निर्णय त्याला एकाही विद्यार्थ्याचे उत्तर दिसण्यापूर्वी करून ठेवावे लागतात. श्रम नाहीसे होत नाहीत. ते परीक्षेनंतरच्या आठवड्यातून परीक्षेपूर्वीच्या आठवड्यात येतात, एवढाच फरक.

ह्या कल्पनेचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात सिडनी प्रेसी ह्या मानसशास्त्रज्ञाने एक यंत्र तयार केले होते व त्याचे वर्णन १९२६ साली प्रसिद्ध केले. यंत्राच्या खिडकीत प्रश्न दिसे, चार कळांपैकी एक दाबावयाची, आणि बरोबर कळांची संख्या आत आपोआप मोजली जाई. एक खटका फिरवला की बरोबर कळ दाबल्याखेरीज पुढचा प्रश्नच येत नसे. ठरावीक गुण मिळविणाऱ्यास गोळी देण्याचीही जोडणी त्यात होती, ही गोष्ट आजच्या मोबाइलवरील चांदण्या व पदके पाहताना आठवल्यावाचून राहत नाही! पुढे मिशिगनमधील रेनल्ड जॉन्सन ह्या शाळाशिक्षकाच्या कल्पनेवरून आय.बी.एम. कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस गुणांकनयंत्र बाजारात आणले. शिसपेन्सिलीच्या खुणेतून विद्युत्प्रवाह वाहतो, ह्या तत्त्वावर ते चाले. लहानपणी जॉन्सनने मोटारींच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीने रेघा ओढून त्या बंद पाडल्या होत्या व तेथून ही कल्पना सुचली, असे सांगतात.

प्रेसी व जॉन्सन ह्या दोघांनीही विद्यार्थ्यास दिलेल्या पर्यायांतून निवड करावयास लावली. बी. एफ. स्किनर ह्यास मात्र ते मान्य नव्हते. विद्यार्थ्याने उत्तर ओळखावयाचे नाही, ते स्वतः रचावयाचे, असा त्याचा आग्रह होता. १९५८ साली त्याने वर्णिलेल्या अध्यापनयंत्रात विद्यार्थी कागदाच्या पट्टीवर उत्तर लिही. मग दांडा उचलला की त्याचे उत्तर पारदर्शक झाकणाखाली सरके व शेजारी बरोबर उत्तर उघडे होई. दोन्ही उत्तरे जुळतात की नाही हे ठरविणारा खुद्द विद्यार्थीच असे. लिहिलेल्या शब्दाची तुलना करण्याचे काम त्या काळच्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून ते माणसाकडे राहिले. आज ते आपण यंत्राकडे दिले आहे, आणि आपल्या अडचणींचा आरंभ नेमका येथे होतो.

प्रस्तुत लेखकाच्या अनुभवातील एक प्रसंग येथे नमूद करतो. प्रथम वर्षाच्या वर्गास व्याकरणाची एक छोटी चाचणी ऑनलाइन दिली होती. त्यात ‘वारा’ ह्या नामाचे सामान्यरूप लिहा असा एक प्रश्न होता. उत्तरतालिकेत ‘वाऱ्या’ असे भरले होते. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी आपला मोबाइल घेऊन आली. पडद्यावर तिचे उत्तर ‘वाऱ्या’ व त्यापुढे लाल फुली. खाली ‘बरोबर उत्तर : वाऱ्या’. “सर, माझ्या आणि तुमच्या उत्तरात फरक काय तो मला दाखवा,” ती म्हणाली. तो मला दाखविता आला नाही. डोळ्यांना फरक दिसतच नव्हता. पुढे सर्व उत्तरांची यादी काढून पाहिली, तेव्हा आणखी काही विद्यार्थ्यांसही त्याच उत्तराबद्दल शून्य मिळाल्याचे आढळले. त्यांपैकी कोणीही विचारावयास आले नव्हते. आपलेच काही चुकले असेल अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती, आणि गुणयादी पुढे पाठवावयास दोन दिवस उरले होते.

कारण शोधता पुढील गोष्ट लक्षात आली. युनिकोड ह्या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत प्रत्येक चिन्हास एक क्रमांक दिलेला असतो, आणि संगणक अक्षराच्या आकृतीची तुलना न करता ह्या क्रमांकांची करतो. मराठीतील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर एकाहून अधिक रीतींनी साठविले जाते. ‘ऱ’ ह्या स्वतंत्र चिन्हास (त्याचा षोडशमान क्रमांक ०९३१) हलन्ताचे चिन्ह व ‘य’ जोडणे ही एक रीत. साध्या ‘र’ला खाली नुक्ता देऊन पुढे तसेच जाणे ही दुसरी. साधा ‘र’, हलन्ताचे चिन्ह, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडकचिन्ह व मग ‘य’, ही तिसरी. तिन्हींची आकृती पडद्यावर एकच उमटते. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य आहेत व तुलनेपूर्वी ‘प्रमाणीकरण’ नावाची प्रक्रिया केली तर त्या एकरूप होतात; मूडल ह्या प्रणालीत लघुत्तरांसाठी ती केली जाते. परंतु तिसरी रीत ह्या समतुल्यतेच्या कक्षेत येत नाही. विद्यार्थिनीच्या मोबाइलवरील कळफलक तिसऱ्या रीतीने लिहीत होता, आणि अध्यापकाचा पहिल्या. ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘पायऱ्या’, ‘शेतकऱ्यास’ असे शब्द ज्या भाषेत पावलोपावली येतात, तेथे हा दोष क्षुल्लक म्हणता येणार नाही.

असे दुसरेही प्रकार आहेत. ‘ॲरिस्टॉटल’ ह्या शब्दाचे पहिले अक्षर काही कळफलक एक अखंड चिन्ह म्हणून लिहितात (क्रमांक ०९७२, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला), तर काही ‘अ’ व त्यावर स्वतंत्र अर्धचंद्र असे दोन भागांत. आणि ही दोन रूपे प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ ह्या शब्दांत विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकण्याची सवय अनेकांस आहे. शब्दापुढे चुकून पडलेली मोकळी जागा, उत्तरानंतर सवयीने दिलेला पूर्णविराम, ह्यांनीही काही प्रणालींत जुळणी बिघडते. ह्यांपैकी कशाचाही विद्यार्थ्याच्या ज्ञानाशी संबंध नाही. म्हणून ज्या प्रश्नाचे उत्तर मराठीतून टंकावयाचे आहे, त्याच्या उत्तरतालिकेत अशी सर्व संकेतरूपे निरनिराळी भरली पाहिजेत. उत्तरतालिका एकाच कळफलकावरून भरणारा अध्यापक आपल्याच हाताच्या सवयीची परीक्षा घेत असतो.

येथवर प्रश्न केवळ संकेतांचा होता, आणि त्याचे उत्तर यांत्रिक आहे. शुद्धलेखनाशी आलो की निर्णय करावा लागतो. १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांनी ‘कवि’, ‘गति’ ह्या तत्सम शब्दांतील अन्त्य इकार दीर्घ केला. तरी जुन्या ग्रंथांतून वाचन केलेला विद्यार्थी ‘कवि’ लिहितो. अनुस्वाराऐवजी परसवर्ण लिहिण्याची मुभा तत्सम शब्दांत आजही आहे. तेव्हा ‘पंडित’ व ‘पण्डित’ दोन्ही ग्राह्य. एखादा चतुर तंत्रज्ञ सुचवील की, तुलनेपूर्वी सर्व परसवर्णांचे अनुस्वार व सर्व दीर्घांचे ऱ्हस्व करून टाकावे म्हणजे वादच मिटेल. पण मग ‘वेदान्त’ हे दर्शनाचे नाव आणि ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये, हा भेदही पुसला जाईल. ‘दिन’ व ‘दीन’ एक होतील. चाचणी साहित्येतिहासाची असेल तर ऱ्हस्वदीर्घाकडे दुर्लक्ष करणे न्याय्य. लेखननियमांची असेल तर तोच परीक्षेचा विषय. तात्पर्य, ही सूट प्रत्येक प्रश्नास त्याच्या हेतूप्रमाणे द्यावी लागते. संपूर्ण चाचणीस एकच नियम लावता येत नाही.

विशेषनामे ह्याहून कठीण. ‘लीळाचरित्राचा कर्ता कोण?’ हा प्रश्न मराठीच्या कोणत्याही अध्यापकास सहज सुचेल. उत्तर म्हणून म्हाइंभट, म्हाईंभट, म्हाइमभट, माहिंभट, म्हाइंभट सराळेकर अशी नाना रूपे येतात, आणि त्यांतील बहुतेक कोणत्या ना कोणत्या छापील ग्रंथात सापडतील. ह्यावर मूडलमध्ये एक उपाय आहे. उत्तरतालिकेत तारकाचिन्ह घातले की त्या जागी कोणतीही अक्षरे चालतात. तेव्हा ‘भट’च्या दोन्ही बाजूंस तारका देऊन सुटका करून घेण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास ‘भटोबास’ हे उत्तरही बरोबर ठरते, कारण संगणकाच्या दृष्टीने ‘टो’ हे अक्षर ‘ट’ व त्यापुढील मात्रा असे दोन तुकडे आहे व ‘भट’ त्यात पूर्ण सापडते. भटोबास म्हणजे नागदेवाचार्य. ज्या विद्यार्थ्याने महानुभाव पंथाच्या दोन प्रमुख व्यक्तींची गल्लत केली त्यास पूर्ण गुण! अशा ठिकाणी दहा-बारा रूपे स्वतंत्रपणे भरण्याचा कंटाळा करू नये. मूडलमध्ये प्रत्येक रूपास निराळी टक्केवारी देता येते, तिचाही उपयोग करावा.

आकड्यांच्या उत्तरांत मराठी आकडे व इंग्रजी आकडे हा भेद प्रथम पाहावा. मराठी आकड्यांत लिहिलेली संख्या ही संख्या आहे हे आपल्या प्रणालीस कळते की नाही, हे एक नमुनाप्रश्न भरून तपासल्यावाचून गृहीत धरू नये. शास्त्रविषयांत उत्तरास मान्य फरकाची मर्यादा जोडता येते, ९.८ च्या मागेपुढे किती चालेल हे अध्यापक ठरवू शकतो. इतिहासात ही सोय निरुपयोगी आहे. ज्ञानेश्वरी केव्हा सिद्ध झाली ह्या प्रश्नास १२१२ व १२९० ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, एक शकाचे व दुसरे इसवी सनाचे, आणि त्यांमधील सर्व संख्या चूक आहेत. येथे दुरुस्ती उत्तरतालिकेत करावयाची नसून प्रश्नात करावयाची आहे. कोणता कालगणनाप्रकार हवा हे प्रश्नातच सांगितले की काम भागते.

ह्या सर्व कटकटी पाहून बहुतेक अध्यापक बहुपर्यायी प्रश्नांकडे वळतात, व ते स्वाभाविक आहे. तेथे संकेताचा व शुद्धलेखनाचा प्रश्नच उरत नाही. त्याऐवजी अंदाजाचा प्रश्न येतो. चार पर्यायांचे दहा प्रश्न असलेल्या चाचणीत काहीही न वाचता खुणा करणाऱ्यास पाच वा अधिक गुण मिळण्याची शक्यता सुमारे ७.८ टक्के आहे. वीस प्रश्नांत निम्मे मिळविण्याची शक्यता सुमारे १.४ टक्क्यावर येते. चूक-बरोबर ह्या प्रकारच्या दहा प्रश्नांत मात्र निम्मे गुण मिळण्याची शक्यता ६२ टक्क्यांहून अधिक असते. तेव्हा पाच प्रश्नांच्या ‘चूक की बरोबर’ चाचणीवर अंतर्गत गुण देणे म्हणजे नाणे उडविण्यासारखेच होय.

अंदाजास आळा घालण्यासाठी ऋण गुणदानाचा उपाय करतात. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या एकतृतीयांश गुण वजा होतात. चार पर्याय असता केवळ अंदाजाचे सरासरी फळ त्यामुळे नेमके शून्य येते. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तरास चार व चुकीच्या उत्तरास वजा एक अशी पद्धत आहे, हिशेब केला तर निव्वळ अंदाजालाही दर प्रश्नामागे सरासरी पाव गुण मिळतो, ही गोष्ट ऋण गुणांना भिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. वर्गातील चाचणीस मला ह्याहून एक वेगळी पद्धत अधिक उपयुक्त वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील टोनी गार्डनर-मेडविन ह्यांनी ती पुरस्कारिली व मूडलमध्ये ती उपलब्ध आहे. उत्तरासोबत विद्यार्थ्याने आपली खात्री एक, दोन वा तीन ह्या पायरीने सांगावयाची. उत्तर बरोबर असेल तर अनुक्रमे एक, दोन, तीन गुण. चूक असेल तर शून्य, वजा दोन, वजा सहा. गणित असे बसते की, उत्तर बरोबर असण्याचा संभव दोनतृतीयांशाहून कमी वाटत असेल तर पहिली पायरी, ८० टक्क्यांहून अधिक वाटत असेल तर तिसरी, आणि मधल्या पट्ट्यात दुसरी पायरी लाभाची ठरते. विद्यार्थ्यास आपले अज्ञान प्रामाणिकपणे कबूल करण्यात फायदा आहे, अशी मांडणी परीक्षापद्धतीत क्वचितच आढळते.

पर्यायांच्या संख्येविषयी थोडक्यात सांगतो. मायकेल रॉड्रिगेझ ह्यांनी २००५ साली ऐंशी वर्षांतील संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन तीन पर्याय पुरेसे असल्याचा निष्कर्ष काढला. चौथा पर्याय बहुधा भरतीचा असतो व त्याकडे कोणी फिरकत नाही. चुकीचे पर्याय अध्यापकाच्या कल्पनेतून न निघता विद्यार्थ्यांच्या खऱ्या चुकांतून निघावे. त्यासाठी मागील वर्षांच्या लेखी उत्तरपत्रिकांइतका चांगला साठा नाही. पर्यायांचा क्रम प्रत्येक विद्यार्थ्यास निराळा दाखविण्याची सोय वापरावयाची असेल, तर ‘वरीलपैकी सर्व’ अथवा ‘अ व ब दोन्ही’ असे पर्याय कटाक्षाने टाळावेत, नाहीतर ‘वरीलपैकी सर्व’ हाच सर्वांच्या वर जाऊन बसतो. एकाहून अधिक पर्याय निवडावयाचे असतील तेथे चुकीच्या निवडीस ऋण भार द्यावा. तो न दिल्यास सर्वच चौकटींवर खूण करणारा पूर्ण गुण घेऊन जातो. आणि जे अध्यापक स्वतः संकेतस्थळाचे पान लिहून चाचणी तयार करतात, त्यांनी उत्तरतालिका त्या पानातच ठेवू नये. पानाचा मूळ मजकूर कोणासही दोन कळा दाबून पाहता येतो. तुलना सर्व्हरवरच झाली पाहिजे.

बहुपर्यायी प्रश्नात खरी अडचण असते ती एकच उत्तर बरोबर असण्याची. ‘पीतांबर’ ह्या शब्दाचा समास कोणता, हा प्रश्न आपल्या प्रश्नसंग्रहांत हटकून आढळतो. पिवळे वस्त्र हा अर्थ घेतला तर कर्मधारय, पिवळे वस्त्र धारण करणारा विष्णू हा अर्थ घेतला तर बहुव्रीही. नुसता शब्द देऊन एकच उत्तर मानणे हा अन्याय होय. वाक्य दिले पाहिजे. ह्या प्रकारच्या प्रश्नाने केवढा अनर्थ होऊ शकतो ह्याचे उदाहरण २०२४ च्या ‘नीट’ परीक्षेत साऱ्या देशाने पाहिले. अणूविषयीच्या दोन विधानांतील दुसरे असे होते की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात व आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. जुन्या पाठ्यपुस्तकाच्या आवृत्तीत ‘प्रत्येक’ अशी शब्दयोजना होती, नव्या आवृत्तीत ‘बहुतेक’ अशी. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने प्रथम दोन्ही पर्यायांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दिल्लीच्या आय.आय.टी.तील तीन तज्ज्ञांच्या समितीने २३ जुलै रोजी एकच पर्याय बरोबर असल्याचे कळविले व निकाल नव्याने लावावा लागला. चार लाखांहून अधिक परीक्षार्थींचे प्रत्येकी पाच गुण त्यामुळे गेले, आणि पूर्ण ७२० गुण मिळविणाऱ्यांपैकी ४४ जण त्यांत होते. गुणांकन करणाऱ्या यंत्राकडून ह्यात काहीच चूक झाली नव्हती. त्याला दिलेली उत्तरतालिका जशी होती तसे त्याने दोन्ही वेळा अचूक गुण दिले.

आतापर्यंत गुणदानाचा विचार झाला. परंतु वर्गातील चाचणी गुणांपुरतीच असते असे नाही. रॉडिगर व कार्पिक ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला व काहींनी तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी व आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे. आठवण्याच्या श्रमाने स्मरण पक्के होते, हा निष्कर्ष स्किनरच्या आग्रहास पुष्टी देणारा वाटतो. बहुपर्यायी प्रश्नाला मात्र एक निराळा धोका आहे. चुकीचा पर्याय बरोबर समजून निवडला म्हणजे तोच पुढे ज्ञान म्हणून मनात घर करतो. बटलर व रॉडिगर ह्यांनी २००८ साली दाखविले की, उत्तर दिल्यानंतर बरोबर उत्तर कळविले असता हा अपाय कमी होतो व लाभ वाढतो. म्हणून प्रत्येक चुकीच्या पर्यायास त्याचे स्वतःचे प्रत्याभरण लिहावे. ‘उत्तर चूक’ एवढ्याने भागत नाही. कर्मधारय निवडणाऱ्यास ‘आपण वस्त्र हा अर्थ घेतलात, ह्या वाक्यात वस्त्र नेसणारा अभिप्रेत आहे’ असे दोन ओळींत सांगितले, तर अध्यापक त्याच्याशेजारी उभा राहून जे बोलला असता तेच झाले. चाचणी तयार करण्याच्या वेळेपैकी निम्मा वेळ ह्यातच जातो, आणि तो जावा.

चाचणी झाल्यावर प्रश्नविश्लेषण करावे. प्रणाली बहुतेक आकडे आपोआप देते, परंतु त्यांकडे पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. रीत सोपी आहे. एकूण गुणांप्रमाणे विद्यार्थ्यांचा क्रम लावून वरचे व खालचे २७ टक्के घ्यावेत. हे प्रमाण ट्रूमन केली ह्याने १९३९ साली सुचविलेले आहे. समजा १२० विद्यार्थ्यांत असे ३२-३२ चे दोन गट पडले आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर वरच्या गटातील २४ व खालच्या गटातील १० जणांचे बरोबर आले. १४ ला ३२ ने भागून भेदनिर्देशांक ०.४४ येतो व प्रश्न चांगला ठरतो. निर्देशांक शून्याजवळ आला तर प्रश्न निरुपयोगी. ऋण आला, म्हणजे हुशार विद्यार्थीच अधिक चुकले, तर विद्यार्थ्यांस दोष देण्यापूर्वी उत्तरतालिका उघडून पाहावी. बहुधा चूक तेथे सापडते. वर सांगितलेला ‘वाऱ्या’चा प्रश्न मात्र ह्या चाळणीतूनही निसटला असता. कोण कोणता कळफलक वापरतो ह्याचा हुशारीशी संबंध नसल्याने तो दोष दोन्ही गटांत सारखाच पसरला होता. अशा वेळी लघुत्तरांच्या प्रश्नात चूक ठरलेल्या सर्व उत्तरांची यादी काढून ती एकदा डोळ्यांखालून घालणे हाच मार्ग राहतो. सव्वाशे विद्यार्थ्यांच्या दहा प्रश्नांना ह्यास अर्धा तासही लागत नाही, कारण एकसारखी उत्तरे एकत्र येतात.

निबंध, रसग्रहण, युक्तिवाद ह्यांचे गुणांकन अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींकडूनही करवून घेतले जाते. त्यांचा विचार ह्या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे, कारण तेथे आधी ठरविलेली उत्तरतालिका नसते व निर्णय का झाला हे विद्यार्थ्यास दाखवून देणे कठीण असते. जुळणीवर चालणाऱ्या चाचणीत निदान ते शक्य आहे.

त्या विद्यार्थिनीच्या चाचणीत उत्तरतालिकेत तिसरे रूप भरून फेरगुणांकनाची आज्ञा दिली, आणि जे विचारावयास आले नव्हते त्यांचेही गुण त्याच क्षणी दुरुस्त झाले. हाताने तपासलेल्या गठ्ठ्यात ही गोष्ट एवढ्या सहज झाली नसती. तेव्हापासून विभागात दोन पद्धती पाळल्या जातात. पहिल्या तीन दिवसांचे गुण कच्चे मानले जातात व विद्यार्थ्यांस तसे चाचणीच्या आरंभीच कळविले जाते. आणि प्रत्येक लघुत्तरी चाचणी जाहीर होण्यापूर्वी दोन सहकारी आपापल्या मोबाइलवरून ती सोडवून पाहतात, त्यांपैकी एकाने तरी अध्यापकाहून निराळा कळफलक वापरलेला असावा लागतो.